हाकेला ओ

खांडेनवमीला माग पुजले की दसऱ्याला गल्लीत खटखट नसते, हे लग्न होऊन या घरात आल्यापासून सुमतीला ठाऊक होतं. यंदा माग पूजेसाठी थांबले नव्हतेच. मानमोडीचा ताप गल्लीत शिरला तेव्हा आधी टोकाच्या घरातला माग बंद पडला, मग त्याच्या शेजारचा, आणि घट बसले त्या दिवशी सुमतीच्या सासरच्या, पवनीकरांच्या भिंतीला लागून असलेला मागही मुका झाला. इतवारीकडून टांग्यांचा आवाज येत नव्हता. कुत्रीसुद्धा कुठे निघून गेली होती कोण जाणे.

उरल्या होत्या त्या हाका.

बंद दारांच्या आतून त्या यायच्या. कोणी आईला बोलवायचं, कोणी बायकोला, कोणी नुसतं "पाणी" म्हणायचं. ओ मात्र कोणी देत नव्हतं. ही माणसं नव्हेत, हाकामारी आहे, असं गल्लीत एकदा कोणीतरी म्हणालं. ती ओळखीच्या आवाजात बोलावते आणि ओ देणाऱ्याला घेऊन जाते. एका म्हाताऱ्याने शेजारणीच्या हाकेला ओ दिली, तिला पाणी पाजून आला आणि आठवडा भरायच्या आत गेला. मग कोणाला आणखी पुरावा लागला नाही. आधी लोक तीन हाका होईपर्यंत थांबायचे. नंतर तिसरीलाही दार उघडेनासं झालं.

सुमती देवघराच्या उंबऱ्याशी झेंडूचा हार ओवत बसली होती. दुपार चढत आली होती. परसातून आवाज आला.

"माय... ओ दे नं वं, माय."

सुमतीच्या हातातली सुई थांबली. तो सत्यवतीचा आवाज होता. तिच्या नणंदेचा. आणि सत्यवतीला ललितापंचमीला जाळून आले होते.

सुमतीने हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिची सासू यमुताई चुलीपुढे बसली होती. जाळ चांगला लागला होता, तरी ती फुंकणीने फुंकतच होती, खाली मान घालून, थांबायलाच तयार नव्हती.

सत्यवतीचं सासर परसाच्या पलीकडेच होतं, भिंतीआड. एकुलती एक लेक डोळ्यांपुढे राहावी म्हणून यमुताईनेच ते स्थळ पसंत केलं होतं. सत्यवती गेली तशी तिचा नवरा रुपराव घाबरला. दुसऱ्याच दिवशी घराला कुलूप ठोकून, माणसं बैलगाडीत घालून तो भिवापूरला काकाकडे निघून गेला. तेव्हापासून ते घर बंद होतं, आणि तेव्हापासूनच त्या बंद घरातून भर दुपारी ही हाक येत होती.

"आत्याबाई," सुमती म्हणाली, "तुम्ही ऐकलं?"

"काय ऐकलं? मी काही नाही ऐकलं." यमुताईने फुंकणी खाली ठेवली. "वर जिजाबाईंले जेवण नेऊन दे. आज त्या खाली येणार नाहीत."

सुमतीने ताट वाढलं. कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यात दोन पोळ्या जास्त ठेवल्या.

जिजाबाई घरातली थोरली सून. नवरा तरुणपणीच गेला. केस पिकले तशी तिची जीभ धारदार होत गेली, असं दीर म्हणत. माडीवरच्या तिच्या खोलीत दर मंगळवारी गल्लीतल्या बायका जमत. आधी अक्षरं गिरवायला, मग हळूहळू बाकीचं बोलायला. दोन वर्षांमागे नळाच्या पाण्यावरून दोन गल्ल्यांतले पुरुष लाठ्या घेऊन समोरासमोर आले, तेव्हा जिजाबाईने दोन्हीकडच्या बायकांना रिकाम्या घागरी घेऊन मधोमध रस्त्यात बसवलं होतं. सकाळची संध्याकाळ झाली, बायका उठल्या नाहीत. शेवटी लाठ्याच घरी गेल्या. त्या दिवसापासून बायका तिला मानत आणि घरातले पुरुष तिला जरा भीत.

माडीवर जिजाबाई एकटी नव्हती. कोपऱ्यात, कपड्यांच्या गाठोड्यांआड, प्रयागबाई बसली होती. प्रयागबाई नाग नदीच्या काठी झोपडीत राहणारी विधवा. मंगळवारच्या मंडळात पहिल्या दिवसापासून येत होती. ताप आल्यावर गल्लीतल्या कितीतरी मेलेल्या बायकांना तिनेच शेवटचं पाणी घातलं होतं. आणि त्यामुळेच आता लोक तिचं नाव घेत होते. जिथे प्रयागबाई जाते तिथून हाक येते, असं म्हणत होते.

"जेव," जिजाबाई तिला म्हणाली. "उपाशी राहून काय होईल?"

"मी जातो, जिजाबाई. माह्यापाई तुमच्या घरात भांडण नोको."

"कुठं जाशील? झोपडी राहिली का तुही?"

सुमतीने दचकून पाहिलं.

"काल दिवेलागणीले पेटवली," जिजाबाई म्हणाली. "ही माह्याकडे आली होती म्हणून वाचली. आज सोनं लुटायच्या आधी हिले शोधून नदीपार हाकलायचं ठरलं आहे. हाकलतील का मारतील, ते त्यांनाच ठाऊक."

"कोणं ठरवलं?"

जिजाबाईने खाली ओसरीकडे मान वळवली. तिथे सुमतीच्या सासऱ्यांचा, महादेवरावांचा आवाज येत होता.

---

ओसरीवर पाटावर तलवार मांडली होती. भोसल्यांच्या राज्यात पवनीकरांच्या कोणा पूर्वजाला मिळालेली. एरवी ती वर्षभर कापडात गुंडाळलेली असायची. महादेवरावांनी तिला गंध लावलं, फूल वाहिलं आणि हात मागे घेतला. समोर चंपतराव बसला होता.

चंपतराव गल्लीतल्या पंचांपैकी एक. पंधरा दिवसांत त्याची बायको गेली होती, आणि थोरला मुलगा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"लोक मारुतीच्या पारापाशी जमून राहिले," तो म्हणाला. "तुम्ही पुढं असाल तर कोणी हात आवरून धरेल, महादेवराव. तुम्ही नसाल तर मले कोणाची खात्री नाही."

"म्हणजे मी यावं, ते तिचा जीव वाचावा म्हणून?"

"तुमची लेक गेली. तुम्हाले वाटत नाही काही?"

महादेवरावांना काय वाटत होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. रोज दुपारी ते मुद्दाम दुकानात बसून राहत होते. गिऱ्हाईक नव्हतं, नोकर पळून गेले होते, तरी साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते. कारण घरी असलं की ती हाक ऐकू येई. एकदा आली तेव्हा ते परसात तोंड धूत होते. "माय" ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा वाईट वाटलं ते याचं, की ती आईला बोलावते आहे, मला नाही. मग भानावर येऊन ते तसेच ओल्या तोंडाने घरात पळाले होते. त्या पळण्याची लाज अजून गेली नव्हती.

"मनोहर," त्यांनी मुलाला हाक मारली.

सुमतीचा नवरा मनोहरराव दारात उभाच होता. "जी, बाबा."

"तू येशील?"

मनोहररावाने उत्तर द्यायच्या आधीच जिन्यावर पावलं वाजली. जिजाबाई खाली आली. डोक्यावरचा पदर नीट करून ती ओसरीच्या कडेला उभी राहिली.

"भाऊजी, आज तुम्ही ही तलवार घेऊन बाहेर गेले, तर उद्या ती आपल्या दारावर येईल."

"वहिनी, हा बायकांचा विषय नाही."

"मंग कोणाचा? हाक मारून राहिल्या बायका, पाणी मागून राहिल्या बायका, ज्या बाईले तुम्ही जाळाले निघाले तीही बाईच."

"जाळाले नाही," चंपतराव म्हणाला.

"झोपडी कोणं पेटवली मंग?"

महादेवरावांनी चंपतरावाकडे पाहिलं. झोपडीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "माह्या लेकीले मेल्यावर तरी सुख लागू द्या. ती बाई गावाबाहेर गेली आणि हाक थांबली तर? तुम्ही सांगा, थांबणार नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता?"

जिजाबाईला ते सांगता येत नव्हतं. ती हाक तिनेही ऐकली होती, आणि तिलाही तिचा अर्थ लागला नव्हता. "नाही सांगू शकत," ती म्हणाली. "मी सांगू शकत नाही म्हणून तुम्ही माणूस माराल का?"

महादेवराव उठले. त्यांनी तलवार उचलली आणि पायऱ्या उतरले. चंपतराव त्यांच्यामागून गेला. मनोहरराव एकदा बापाकडे, एकदा जिजाबाईकडे पाहत तिथेच उभा राहिला.

"जा की," जिजाबाई म्हणाली. "बाप आहे तो तुहा."

"मोठी माय, मी कुठंच जात नाही." तो मटकन खाली बसला. "मले काहीच समजून नाही राहिलं."

---

यमुताई माडीवर गेली ती समईच्या वाती आणायला. वातींचा डबा जिजाबाईच्या फडताळात असे. खोली रिकामी आहे असं समजून ती आत शिरली आणि गाठोड्यांआडून कोणीतरी हललं.

ती ओरडली नाही. ओरडायची ताकदच तिच्यात उरली नव्हती. प्रयागबाईला ओळखल्यावर ती भिंतीला टेकली.

"तू," ती म्हणाली. "माह्याच घरात."

"यमुताई, मी काही नाही केलं वं."

"माह्या लेकीले तूच धुतलं. तिच्या अंगावरून तूच हात फिरवला. काय केलं तू तिले? काहून ती शांत होत नाही?"

"मी नाही धुतलं तिले."

"खोटं बोलू नोको!"

"देवाशपथ नाही. मी गेली होती, दारातून परत लावलं मले. रुपरावाची माय म्हणे, आमचं आम्ही पाहून घेऊ. मी दारातच उभी होती. तितक्यात आतल्या खोलीतून कोणीतरी खोकललं. मी विचारलं, आणखी कोणाले ताप आहे का? ती म्हणे, कोणाले नाही, तू जा."

आवाज ऐकून जिजाबाई वर आली होती, तिच्यामागे सुमती. "आतल्या खोलीतून?" जिजाबाईने विचारलं. "मागच्या?"

"हाव. परसाकडच्या."

"मनोहर!" जिजाबाईने जिन्यातूनच हाक दिली. "रुपराव भिवापूरले गेला तेव्हा गाडी तूच जुंपून दिली नं? गाडीत कोण होतं?"

खालून मनोहररावाचा आवाज आला. "रुपराव, त्याची माय, लहाना भाऊ."

"मनकर्णा?"

मनकर्णा म्हणजे रुपरावाची बहीण. चौदा वर्षांची. नवऱ्याचं तोंड नीट पाहायच्या आत विधवा झालेली, केस उतरवलेली. घरात ती कुठे असते हे कोणी विचारत नसे. पाहुणे आले की ती मागच्या खोलीत असे. सत्यवती मात्र तिला सोडून जेवत नसे. पोट्टी माझी सावली आहे म्हणायची.

"मी नाही पाहिली तिले गाडीत," मनोहरराव म्हणाला. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभा होता. "मले वाटलं, आधीच कोणासोबत पाठवली असंल."

त्या क्षणी परसातून हाक आली. आधीच्यापेक्षा स्पष्ट. खिडकीशीच कोणी उभं असावं तशी.

"माय... ओ दे नं वं."

प्रयागबाईने डोळे मिटले. सुमतीने मनोहररावाचा हात धरला. हा आवाज आपल्या लेकीचा आहे याबद्दल यमुताईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लहानपणी नदीवर हात सोडून पुढे पळायची आणि मग घाबरून अशीच ओरडायची. "ओ दे नं वं." ओठ हलले यमुताईचे, पण तिने ओ दिली नाही. ओ दिली की मरण. मरणाची भीती तिला नव्हती, लेकीमागे जायला ती केव्हाही तयार होती. भीती वाटत होती ती दार उघडल्यावर काय दिसेल याची.

जिजाबाई खिडकीपाशी गेली. दोन्ही हातांनी गज धरले.

"ओ!" ती ओरडली. "आली वं बाई, आली!"

गल्लीत, परसांत, बंद दारांआड तो आवाज गेला. कित्येक दिवसांत कोणी ओ दिली नव्हती. कुठेतरी एका घरातून कोणी बाई हुंदका देऊन थांबली. मग परत शांतता.

जिजाबाई वळली. "यमू, ऊठ. आता मी तर ओ देऊन बसली. काय व्हायचं ते मले होईल. पण तिथं एकटी मी जाणार नाही. तू चल."

---

कुलूप जुनं, जाड होतं. मनोहररावाने ओढून पाहिलं, हललं नाही. यमुताई काही न बोलता मागे फिरली आणि स्वयंपाकघरातला वरवंटा घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून तिने तो कुलपावर हाणला. दुसऱ्या घावाला कडीच निखळली.

घरात कोंदट, आंबूस वास होता. ओसरीवर पूजेचा घट तसाच राहिला होता. त्यातले अंकुर पिवळे होऊन वाकले होते. सगळे दबक्या पावलांनी मागच्या खोलीकडे गेले. तिथल्या दारालाही बाहेरून कडी होती. ती कडी पाहून जिजाबाईने दातांवर दात आवळले.

मनकर्णा भिंतीशी पडली होती. अंगावर सत्यवतीचं लुगडं पांघरलेलं. ओठ फुटून रक्त वाळलं होतं. प्रयागबाईने छातीला कान लावला आणि मान हलवली. "आहे. जीव आहे."

सुमतीने पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. उशाशीच तांब्या होता, काठोकाठ भरलेला. रांजण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्या पोरीची अवस्था अशी होती की तिला कूस बदलता आली नसती. सुमती त्या तांब्याकडे पाहत राहिली. त्याला हात लावायला तिचं मन धजेना. शेवटी यमुताईने तो उचलला आणि त्यातलं पाणी बोटाने मनकर्णेच्या ओठांवर सोडलं.

"पोरी, मनू," जिजाबाई म्हणाली. "ऐकली आम्ही तुही हाक. उशीर झाला, पण ऐकली."

मनकर्णेने डोळे उघडले. काही बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसती खरखर आली. तिचा घसा सुजून बंद झाला होता. प्रयागबाईने तिचा जबडा चाचपला आणि वर पाहिलं.

"जिजाबाई, हिच्यानं तर आवाजच काढवत नाही. किती दिवसांचं आहे हे."

यमुताईने हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

बाहेर गलका झाला. पुरुष आले होते. जिजाबाईची ओ पारापर्यंत पोचली होती, आणि प्रयागबाई त्याच बाजूला आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. पूजेच्या हळदकुंकवाने माखलेल्या लाठ्या, कुऱ्हाडी, आणि सगळ्यांच्या पुढे तलवार धरलेले महादेवराव. उघडं दार पाहून ते थबकले. हे त्यांच्या लेकीचं घर होतं.

"ती आत आहे!" मागून कोणी ओरडलं. "बाहेर काढा तिले!"

प्रयागबाई स्वतःच बाहेर आली. तिने मनकर्णेला हातांवर उचललं होतं, लहान मुलाला उचलावं तसं. दोन्ही बाजूंना जिजाबाई आणि यमुताई. मागे सुमती आणि मनोहरराव. आणि तोवर बाजूच्या परसांतून एकेक बाई येऊ लागली होती. मंगळवारी माडीवर येणाऱ्या त्याच बायका. कोणी काही न बोलता त्या येऊन दाराशी उभ्या राहत होत्या, पुरुषांच्या आणि प्रयागबाईच्या मधे. कोणाच्या कडेवर मूल होतं. कोणाला स्वतःलाच ताप होता, भिंतीला धरून चालत होती.

"बाजूले व्हा," चंपतराव म्हणाला. पण त्याचा आवाज चढला नाही.

"ही पोट्टी इथं कोंडून ठेवली होती," जिजाबाई म्हणाली. "पाच दिवस. आणि आपण सगळ्यांनी कानात बोटं घातली. मीही घातली. तुम्ही घातली, भाऊजी. इथून इतक्या जवळ असून घातली."

महादेवराव पुढे आले. तलवार हातात होती, पण ती धरली आहे याचं त्यांना भान नव्हतं. ते मनकर्णेच्या तोंडावर वाकले.

"पोरी, तू हाक मारून राहिली होती?"

मनकर्णेने डोळे त्यांच्याकडे वळवले. नाही अशी मान हलवली. मग फार कष्टाने, नुसत्या श्वासावर, दोन शब्द काढले. महादेवरावांना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"काय म्हणाली?" यमुताईने विचारलं. "सांगा नं. काय म्हणाली ती?"

"वहिनी मारते, म्हणाली. हाक वहिनी मारते."

मागच्या माणसांत कुजबूज पसरली. दोघे-तिघे मागे सरकले. कोणीतरी देवाचं नाव घेतलं.

यमुताई हसली की रडली ते सुमतीला सांगता आलं नसतं. "मले बोलावून राहिली होती," ती म्हणाली. "या पोट्टीसाठी. मले वाटलं, मले न्यायले आली. अगं माय, ती तर माणूस बोलावून राहिली होती."

महादेवरावांनी तलवार भिंतीशी उभी केली. खांद्यावरचा शेला काढून मनकर्णेच्या अंगावर घातला. मग प्रयागबाईपुढे उभे राहिले. या बाईशी ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"हिले माह्या घरात ने, बाई," ते म्हणाले. "आणि तूही आता तिथंच राहा. झोपडी मी बांधून देतो."

प्रयागबाई निघाली. बायकांनी वाट करून दिली. पुरुषांनाही बाजूला व्हावं लागलं. कोणाच्या लाठीने वाट अडवली नाही.

जिजाबाई तिथेच थांबली. "आता ऐका सगळे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकण्यासाठी सगळे पुढे झाले. "हाका कोणाच्या आहेत मले माहीत नाही. जित्याच्या असतील, मेल्याच्या असतील. पण आजपासून या गल्लीत हाक आली की ओ द्यायची. एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं. पेज न्या, पाणी न्या. दार बंद असंल तर फोडा. आणि ज्या घरातून हाक येत नाही, तिथं आपण मारायची. ज्याले भीती वाटते त्यानं घरी जावं, मी नाव ठेवणार नाही."

कोणी घरी गेलं नाही, असं नव्हे. बरेच गेले, खाली मान घालून, लाठ्या पाठीशी लपवत. पण बायका राहिल्या, आणि मनोहरराव राहिला, आणि थोडे पुरुष. सोनं लुटायला सीमेपलीकडे कोणी गेलं नाही.

ऊन उतरलं. पवनीकरांच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पेज रटरटू लागली. जिजाबाईला त्याच संध्याकाळी अंगात कसकस जाणवली. तिने कोणाला सांगितलं नाही. सुमतीला ते तिच्या हाताच्या स्पर्शावरून कळलं. "गप बस," जिजाबाई म्हणाली. "पातेलं उचल. काम झाल्यावर पाहू."

सुमती एका बाईसोबत गल्लीच्या वरच्या टोकाला गेली. तिथे एका घरापुढे चंपतराव उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. लाठी खाली पडली होती.

"हे कोणाचं घर?" तिने विचारलं. या टोकाला ती फारशी आली नव्हती.

"माह्या भावाचं. नत्थूचं." चंपतरावाने दाराकडे पाहिलं नाही. "परवापर्यंत हाक येत होती. भाऊ, भाऊ म्हणून. मी पलीकडेच राहतो, सुमतीबाई. सगळी ऐकली. काल सकाळपासून बंद आहे."

सुमतीने पेजेचं भांडं पायरीवर ठेवलं. दाराला तोंड लावून ती म्हणाली, "नत्थूजी! कोणी आहे का आत?"

काही नाही.

तिने पुन्हा हाक मारली. बरोबरची बाई तिच्या पदराला धरून उभी होती. दाराच्या फटीतून थंड हवा येत होती, आत दिवा नव्हता.

"थांब," चंपतराव म्हणाला. "तुह्या आवाजाले तो नाही द्यायचा ओ. बाईमाणसाची हाक. त्यालेही हाकामारी वाटंल." तो पुढे आला. तळहात दारावर टेकवला. दोनदा तोंड उघडून मिटलं. मग एकदम, लहानपणी खेळताना बोलवावं तसं, तो ओरडला, "नत्थ्या! ए नत्थ्या! मी आलो गा. भाऊ आला."

गल्लीच्या खालच्या टोकाला कोणीतरी ओ दिली. ती दुसऱ्या घरातल्या हाकेला होती. मग तीही विरली. चंपतराव दाराला कान लावून उभा होता. त्याचे डोळे मिटलेले होते. सुमतीला वाटलं, आता हा माणूस इथून कधीच हलणार नाही.

आत काहीतरी जमिनीवरून घासत पुढे आलं. थांबलं. परत घासलं.

"ओ," आतून आवाज आला.

चंपतराव गर्रकन तिच्याकडे वळला. "त्याचाच आहे?" तो विचारत होता, तिला, जिने नत्थूला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "त्याचाच आहे नं?"

"मले माहीत नाही," सुमती म्हणाली, आणि तिने दार ढकललं.